फूरियर इंटिग्रलच्या लिमिट्स: अनंत लिहायचं, पण थांबायचं कुठे?

एमएस्सीच्या पुस्तकात फूरियर ट्रान्सफॉर्मची व्याख्या एका ओळीत संपते. इंटिग्रलच्या खाली ऋण अनंत, वर धन अनंत, आत फंक्शन आणि ई चा काल्पनिक घात. परीक्षेत एवढं पुरतं. संशोधनाला लागलात की पहिल्याच महिन्यात हे अनंत अडचणीत आणतं. कॉम्प्युटरला अनंत कळत नाही, उपकरण अनंतापर्यंत मोजत नाही, आणि गाइड मात्र विचारतात, 'लिमिट किती घेतलीस? का?' या 'का'चं उत्तर द्यायला 'कोडमध्ये तेवढीच होती' हे वाक्य उपयोगाचं नाही.

ही पोस्ट त्या 'का'साठी आहे. यात गणित आहे, पण बी.एस्सी.च्या पलीकडचं नाही. शेवटी काचेचं एक खरं उदाहरण घेतलंय. त्यात लिमिट चुकीची पडली तर जिथे काही नाही तिथे अणूंमधलं अंतर 'दिसतं'. असं अंतर थिसिसच्या तक्त्यात गेलं की पुढची सगळी चर्चा त्यावरच उभी राहते, म्हणून हा विषय नुसता तांत्रिक समजू नका.

आधी ठरवा: लिमिट कोण ठरवतंय?

प्रत्येक फूरियर इंटिग्रलसमोर बसलात की हा एक प्रश्न विचारायचा. उत्तरं तीनच असतात.

एक, फंक्शन स्वतः ठरवतं. ते काही भागात शून्यच असतं, त्यामुळे तिथे इंटिग्रेशन करण्यासारखं काही नसतं.

दोन, तुम्ही ठरवता. फंक्शन अनंतापर्यंत पसरलेलं आहे, सूत्रही माहीत आहे, पण गणना कुठेतरी थांबवायची आहे.

तीन, उपकरण ठरवतं. पुढचा डेटाच नाही.

या तिघांची सरमिसळ झाली की घोटाळे होतात. पहिल्या प्रकारात लिमिट बदलली तर उत्तर चूक. दुसऱ्या प्रकारात लिमिट बदलून उत्तर किती हलतं ते बघणं ही तपासणीच आहे. तिसऱ्या प्रकारात लिमिट ही तुमच्या निष्कर्षाचाच भाग असते आणि ती पेपरमध्ये लिहावीच लागते.

फंक्शन लिमिट ठरवतं तेव्हा

चौकोनी पल्स घ्या: ऋण १ ते १ मध्ये किंमत १, बाहेर शून्य. लिमिट ऋण १ ते १. इथे कोणी चुकत नाही. चूक होते ती तुकड्यातुकड्यांच्या फंक्शनमध्ये. त्रिकोणी पल्सला मध्ये टोक आहे, म्हणून इंटिग्रल शून्याशी तोडून दोन भागांत करायचा. नियम सोपा आहे: आधी आकृती काढा, जिथे सूत्र बदलतं तिथे उभी रेघ मारा, प्रत्येक रेघ ही एक लिमिट. आकृती न काढता लिमिट्स लिहिणाऱ्याचं गणित हमखास फसतं.

दुसरा प्रकार म्हणजे कार्यकारणभाव. घंटेवर टोला पडण्याआधी आवाज नसतो. म्हणून घंटेच्या प्रतिसादाची खालची लिमिट शून्य. एनएमआरमधला क्षय पावणारा सिग्नल, सर्किटचा इम्पल्स रिस्पॉन्स, हे सगळे याच घरातले. इथे एक मोह आवरा: 'शून्य ते अनंत करून दुप्पट करू'. ही सवलत फक्त सम फंक्शनला आहे. घंटेचा प्रतिसाद समही नाही आणि विषमही नाही. त्याची दुप्पट करणं म्हणजे टोल्याच्या आधीही घंटा वाजत होती असं म्हणणं.

तिसरी जागा चल बदलण्याची. टी च्या जागी ऋण यू घातलं की लिमिट्स उलटतात, वरची खाली येते. मग डीयू समोरचं ऋण चिन्ह वापरून त्या पुन्हा सरळ करायच्या. स्केलिंगच्या सूत्रात भागाकारात ए न येता ए ची निरपेक्ष किंमत का येते, याचं कारण नेमकं हेच. ए ऋण असेल तर लिमिट्स उलटतात आणि ते ऋण चिन्ह त्यातच खपतं. नेट-सेटला हा प्रश्न फिरवून फिरवून येतो, पण पाठ करायची गरज नाही, लिमिट्सवर लक्ष ठेवलं की पुरतं.

आणखी एक. अनंताला दोन टोकं आहेत आणि ती किती वेगाने दूर जातात याला कधीकधी अर्थ असतो. टी भागिले (१ अधिक टी वर्ग) हे विषम फंक्शन घ्या. ऋण एल ते एल असं इंटिग्रेशन केलं तर उत्तर शून्य, एल कितीही मोठा असो. ऋण एल ते २एल असं केलं तर एल वाढवता वाढवता उत्तर लॉग २ कडे, म्हणजे ०.६९३ कडे जातं. दोन्हीकडे 'अनंत'च होतं! ज्याला प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणतात ते म्हणजे दोन्ही टोकं बरोबरीने न्यायची असा करार. कोडमध्ये डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच लिमिट घेत असाल, तर फंक्शन पुरेसं वेगाने विरतंय ना, ते आधी बघा.

तुम्ही ठरवता तेव्हा: शेपटीचा हिशोब

आता सूत्र माहीत आहे, पण फंक्शन संपत नाही. जिथे कापलं त्याच्या पुढे राहिलेल्या भागाला शेपूट म्हणू. लिमिट निवडणं म्हणजे शेपटीत किती उरलंय याचा अंदाज घेणं. तीन फंक्शन्स शेजारी ठेवून बघू.

पहिलं, गाउसियन: ई चा घात ऋण टी वर्ग भागिले २. टी ६ ला त्याची किंमत ई चा ऋण १८ वा घात, म्हणजे सुमारे १० कोटींत दीड. ऋण ६ ते ६ घेतलं की बहुतेक कामांना पुरे.

दुसरं, एकतर्फी घातांकी क्षय: शून्यापासून पुढे ई चा ऋण टी घात. दहा लाखांत एक एवढी अचूकता हवी असेल तर १३.८ पर्यंत जावं लागतं. याची एक गंमत आहे. शेपटीचा इंटिग्रल हाताने काढा. तुमच्या लक्षात येईल की खऱ्या उत्तराच्या तुलनेत चूक प्रत्येक वारंवारतेला तेवढीच येते: ई चा ऋण एल घात. एकदा एल ठरला की सगळ्या स्पेक्ट्रमसाठी ठरला.

तिसरं, लॉरेंट्झियन: १ भागिले (१ अधिक टी वर्ग). खरी कसोटी इथे. वारंवारता शून्य असताना खरं उत्तर पाय, म्हणजे ३.१४१६. दोन्ही बाजूंची शेपूट मिळून साधारण २ भागिले एल. एल १० घेतलात तर ०.२ गेलं, सहा टक्क्यांच्या वर चूक. दहा लाखांत एक हवं असेल तर एल काही लाखांत न्यावा लागेल.

वारंवारता शून्य नसेल तर मात्र चित्र बदलतं. शेपटीत कोसाइन वरखाली होतो, धन-ऋण भाग एकमेकांना खातात. एकदा पार्ट्सने इंटिग्रेशन केलं की शेपटीचा मुख्य भाग मिळतो: जास्तीत जास्त २ भागिले ओमेगा गुणिले (१ अधिक एल वर्ग). ओमेगा १ आणि एल १० ला ही चूक ०.०२ च्या आत राहते. आधीच्या दहावा हिस्सा! म्हणून काही जण म्हणतात, 'वारंवारता मोठी असेल तर लिमिट लहान चालते.'

इथेच थांबा. ओमेगा १० ला बघा. खरं उत्तर पाय गुणिले ई चा ऋण ओमेगा घात, म्हणजे सुमारे ०.०००१४. शेपटीची मर्यादा सुमारे ०.००२. चूक लहान झाली खरी, पण उत्तर तिच्याहून कितीतरी लहान झालं. म्हणजे तुमच्या आलेखात मोठ्या वारंवारतेला जे दिसतंय ते फंक्शनचं नाहीच, कापलेल्या टोकाचं आहे. लॉग स्केलवर आलेख काढलात की खाली उतरणारी रेघ एका उंचीवर येऊन थरथरत बसते. ती थरथर म्हणजे तुमची लिमिट.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, शेपटीचं सूत्र माहीत असेल तर ती हाताने जोडा. पार्ट्सने आलेली टोकाची संज्ञा, तिच्यानंतरची आणखी एक, एवढं मिळवलं तरी एल न वाढवता अचूकता बरीच वाढते. दुसरा, या कामासाठीच बनलेल्या पद्धती वापरा. क्वाडपॅक या जुन्या संग्रहातली एक पद्धत साइन-कोसाइनच्या आवर्तनांप्रमाणे तुकडे पाडते, तुकड्यांच्या बेरजेचा कल बघते आणि अनंताला काय होईल ते काढते. पायथनमधल्या सायपायच्या इंटिग्रेशन फंक्शनला 'साइन' किंवा 'कोसाइन' हे वजन आणि वरची लिमिट अनंत दिलीत की आत हीच पद्धत चालते. ओउरा आणि मोरी या जपानी गणितज्ञांची १९९१ ची दुहेरी घातांकी पद्धतही अशाच इंटिग्रल्ससाठी आहे.

लिमिट एकटी नसते, पायरी सोबत असते

एल वाढवला आणि बिंदूंची संख्या तेवढीच ठेवली, तर दोन बिंदूंमधली पायरी मोठी होते. मग एक चूक कमी करताना दुसरी वाढते. एफएफटी वापरताना हे पाठच करून ठेवा: एल वारंवारतेतली बारकाई ठरवतो, पायरी सर्वांत मोठी वारंवारता ठरवते. पायरी एच असेल तर पाय भागिले एच च्या पुढचं काही विश्वासाचं नाही.

किती विश्वासाचं नाही ते बघा. वरचा गाउसियन, लिमिट ऋण ६ ते ६, पायरी १. फक्त १३ बिंदू. ट्रॅपेझॉइडल नियमाने शून्य वारंवारतेला उत्तर जवळपास आठ अंकांपर्यंत बरोबर येतं, विश्वास बसत नाही इतकं. आता तेच १३ बिंदू ओमेगा ३ ला वापरा. चूक ४१ टक्के. कारण पायरी १ म्हणजे २पाय अंतरावर स्पेक्ट्रमच्या प्रती उभ्या राहतात आणि शेजारची प्रत ओमेगा ३ वर सांडते. इथे लिमिट कितीही वाढवा, ४१ टक्के हलणार नाहीत. म्हणून लिमिट आणि पायरी यांची तपासणी वेगवेगळी करायची. आधी पायरी तीच ठेवून एल दुप्पट, मग एल तोच ठेवून पायरी निम्मी. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

खालच्या लिमिटचीही एक बारीक गोष्ट आहे. ई चा ऋण टी घात शून्याला एकदम ० वरून १ वर उडी मारतो. पायरी ०.१ घेऊन सगळ्या बिंदूंची सरळ बेरीज केली तर १ च्या जागी १.०५१ येतं. पहिल्या बिंदूला अर्धं वजन दिलं की १.०००८. एका बिंदूच्या अर्ध्या वजनाने पाच टक्के सुटतात! एनएमआर करणाऱ्यांना स्पेक्ट्रमची बेसलाइन वर उचललेली दिसते, त्याचं एक नेहमीचं कारण हे. उडीच्या ठिकाणी फूरियरला दोन्ही बाजूंची सरासरी हवी असते, शून्य आणि १ यांची सरासरी अर्धा.

एफएफटीचा आणखी एक ठरलेला गोंधळ. तुमची लिमिट ऋण एल पासून सुरू होते, पण एफएफटीला वाटतं पहिला बिंदू म्हणजे टी शून्य. परिणामी प्रत्येक वारंवारतेला एक फेज जोडली जाते आणि छान धन असायला हवा तो गाउसियन अधिक-उणे-अधिक-उणे असा दाते काढून येतो. कोड बिघडलेला नाही, खालची लिमिट सांगायची राहिली. डेटा आधी गोलाकार सरकवून घ्या किंवा एकाआड एक चिन्ह बदला, दोन्ही एकच.

कापलं की नेमकं काय होतं

एल ला कापणं म्हणजे फंक्शनला चौकोनी खिडकीने गुणणं. गुणाकाराचा ट्रान्सफॉर्म म्हणजे कॉन्व्होल्यूशन. त्यामुळे खऱ्या स्पेक्ट्रमचा प्रत्येक बिंदू सिंक फंक्शनच्या आकारात पसरतो: मध्ये उंच शिखर, शेजारी खड्डा, मग छोटं शिखर, पुन्हा खड्डा. पहिला खड्डा शिखराच्या २२ टक्के खोल, त्यापुढचं छोटं शिखर १३ टक्के उंच. हे आकडे एल वर अवलंबून नाहीत. एल वाढवला की सगळं आडवं आकसतं, उभं तसंच राहतं.

उडी असलेल्या स्पेक्ट्रमवर हेच गिब्ज परिणाम म्हणून दिसतं. साइन टी भागिले टी चा ट्रान्सफॉर्म म्हणजे सपाट पठार आणि दोन कडे. कापून काढला तर कड्याशेजारी उडीच्या साधारण ९ टक्के उंच शिंग येतं. एल दुप्पट करा, शिंग कड्याच्या निम्म्या अंतरावर सरकेल, पण उंची तीच. विलब्रहॅम यांनी हे १८४८ मध्येच लिहिलं होतं, नाव मात्र १८९९ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिणाऱ्या गिब्ज यांचं लागलं.

दोन गैरसमज इथेच सोडवू. शेवटी शून्यं जोडून डेटा लांब केला तर रेघ गुळगुळीत दिसते, रिझोल्यूशन वाढत नाही. लिमिट तीच आहे, आलेखाचे बिंदू दाट झाले इतकंच. आणि टोकाकडे हळूहळू उतरणारी खिडकी लावली तर लहरी कमी होतात, पण मुख्य शिखर रुंद होतं. हॅन खिडकीत बाजूची लहर ३ टक्क्यांच्याही खाली येते, पण मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंच्या शून्यांमधलं अंतर दुप्पट होतं. फुकट काही मिळत नाही.

उपकरण ठरवतं तेव्हा: काचेची गोष्ट

आता खरं उदाहरण. सिलिका काच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. स्फटिकासारखी रचना नाही, त्यामुळे अणूंमधली अंतरं शोधायला क्ष-किरणांचं किंवा न्यूट्रॉनचं विवर्तन मोजतात आणि फूरियर साइन इंटिग्रल घेतात. द्रवांसाठी ही वाट झेर्निके आणि प्रिन्स यांनी १९२७ मध्ये दाखवली. इंटिग्रलचा चल आहे क्यू, म्हणजे ४ × पाय × साइन थीटा ÷ तरंगलांबी. आत बसतं क्यू गुणिले (एस वजा १), त्याला साइन क्यूआर ने गुणायचं आणि शून्य ते अनंत इंटिग्रेशन करायचं. उत्तरातली शिखरं म्हणजे अणूंमधली अंतरं.

अनंत? साइन थीटा १ च्या वर जाऊ शकत नाही. वरची लिमिट तुमच्या क्ष-किरण नळीने ठरवून टाकली आहे. तांब्याच्या नळीची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, म्हणजे तत्त्वतः क्यू ८.२ पर्यंत. डिटेक्टर १४० अंशांपर्यंत फिरत असेल तर ७.७. मॉलिब्डेनमची नळी (०.७१ अँगस्ट्रॉम) घेतली तर त्याच कोनाला १६.६, चांदीची (०.५६) घेतली तर २१. सिंक्रोट्रॉनवर २० ते ३०, स्पॅलेशन न्यूट्रॉन स्रोतावर ४० च्याही पुढे. दोन शिखरं वेगळी दिसायला त्यांच्यात साधारण पाय भागिले क्यू-कमाल एवढं अंतर लागतं. तांब्याला ०.४ अँगस्ट्रॉम, चांदीला ०.१५.

रिझोल्यूशन कमी आहे हे सगळ्यांना दिसतं. धोका दुसरीकडे आहे. सिलिकॉन-ऑक्सिजन अंतर १.६२ अँगस्ट्रॉम, हे सर्वांत ठळक शिखर. ७.७ ला कापल्यावर त्याच्या शेजारी सिंकच्या लहरी उठणार. पहिलं छोटं शिखर मुख्य शिखरापासून ७.७३ भागिले क्यू-कमाल एवढ्या अंतरावर येतं, म्हणजे इथे जवळपास १ अँगस्ट्रॉम. १.६२ अधिक १, म्हणजे २.६२ च्या आसपास. आणि सिलिकात दोन ऑक्सिजनमधलं खरं अंतर किती? २.६ च्या थोडं पुढे. म्हणजे खोटी लहर नेमकी खऱ्या शिखराच्या डोक्यावर येऊन बसली. तुम्ही त्या शिखराखालचं क्षेत्रफळ काढलं, त्यावरून प्रत्येक ऑक्सिजनला शेजारी ऑक्सिजन किती ते मोजलं, तर त्या आकड्यात तांब्याच्या नळीचा वाटा आहे, आणि आलेख बघून तो कळणार नाही.

मग कळणार कसं? दोन तपासण्या आहेत, दोन्ही दहा मिनिटांच्या.

पहिली, डावीकडे बघा. लहरी मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना असतात. २.६२ ला जी उठली तिची जुळी बहीण ०.६ अँगस्ट्रॉमला असणार. ०.६ ला दोन अणू बसूच शकत नाहीत. पहिल्या शेजाऱ्याच्या आतला भाग ही तुमची मोफत कसोटी आहे: तिथे उतरती सरळ रेघ हवी, तिचा उतार काचेच्या घनतेने ठरतो. तिथली लहर जेवढी उंच, तेवढाच अविश्वास उजवीकडच्या शिखरांवर ठेवा. बरेच जण हा भाग आलेखातून कापून टाकतात. ठेवा, परीक्षक खूश होतात.

दुसरी, लिमिट हलवा. क्यू-कमाल ७.७ वरून ७ वर आणा, मग ६.५ वर. खरं शिखर जागेवर राहतं, फक्त रुंद होतं. लहर सरकते, कारण तिचं अंतर क्यू-कमालने भागलेलं आहे. ७ ला ती २.७२ वर जाईल, ६.५ ला २.८१ वर. जे सरकलं ते तुमचं, जे राहिलं ते काचेचं.

आता कोणी म्हणेल, लिमिट वाढवत गेलं की एका टप्प्यावर सिग्नल आपोआप विरेल ना? विरतो, कारण अणू कंप पावतात. कंपनाची रुंदी ०.०५ अँगस्ट्रॉम मानू. क्यू ८ ला सिग्नल अजून ९२ टक्के शिल्लक. २२ ला ५५ टक्के. ३५ ला २२ टक्के. १ टक्क्यावर यायला क्यू ६० उजाडतो. म्हणजे घट्ट बंधाच्या शिखरासाठी प्रयोगशाळेतली कोणतीही लिमिट ही 'कापलेली'च आहे. दूरच्या, सैल अंतरांची कंपनं मोठी असतात, त्यांच्यासाठी तीच लिमिट पुरेशी ठरते. एकाच आलेखात पहिलं शिखर लिमिटने रुंद झालेलं आणि पाचवं खरंच रुंद असलेलं, असं असू शकतं.

तर मग डिटेक्टर जाईल तिथपर्यंत सगळं घ्यावं? तेही नाही. इंटिग्रलमध्ये क्यू ने गुणलंय, म्हणजे नॉइजही क्यू ने गुणला जातो. एस मधला नॉइज सगळीकडे सारखा असला तरी आलेखातला नॉइज क्यू-कमालच्या दीड घाताने वाढतो. २० वरून ३० ला गेलात तर जवळपास १.८ पट. क्ष-किरणांत तर फॉर्म फॅक्टरने भागावं लागतं, त्यामुळे मोठ्या क्यू ला हाल आणखी वाईट. जिथे सिग्नल नॉइजमध्ये बुडाला त्याच्या पुढची लिमिट म्हणजे नॉइजचा फूरियर ट्रान्सफॉर्म. तो सुंदर दिसतो, अर्थ काही नसतो.

एक चालीरीत बऱ्याच लॅब्समध्ये दिसते: क्यू-कमाल अशा ठिकाणी घ्यायची जिथे आतलं फंक्शन शून्य ओलांडतं. कारण मघाच्या पार्ट्सच्या गणितातच आहे. टोकाची संज्ञा फंक्शनच्या टोकावरच्या किमतीने गुणलेली असते, ती शून्य केली की दूरवरच्या लहरी वेगाने मरतात. ही सवय चांगली आहे, पण तिच्यावर विसंबू नका. मोठ्या शिखराला चिकटलेल्या पहिल्या एक-दोन लहरींना तिचा फारसा फरक पडत नाही, आणि फसवणाऱ्या लहरी नेमक्या त्याच असतात. त्यांच्यासाठी खिडकी लागते. लॉर्च यांचं १९६९ चं फंक्शन यात सर्वाधिक वापरलं जातं. ते लहरी चांगल्या दाबतं, बदल्यात शिखर साधारण १.४ पट रुंद करतं. म्हणून खिडकी लावलेला आणि न लावलेला, दोन्ही आलेख एकावर एक ठेवून बघा. एकात लहरी खोट्या, दुसऱ्यात रुंदी खोटी, दोन्हीत जे समान ते बोलायला सुरक्षित.

खालच्या लिमिटचं काय? शून्याजवळ डेटा नसतोच, कारण सरळ जाणारा बीम थोपवावा लागतो. पण तिथे आतलं फंक्शन क्यू ने गुणलेलं असल्याने लहान असतं. साध्या काचेसाठी शून्यापर्यंत गुळगुळीत वाढवून घेतलं की चालतं. नॅनोकणांमध्ये हे चालणार नाही, तिथे छोट्या कोनातल्या तीव्रतेत कणाचा आकारच लपलेला असतो.

थिसिसमध्ये काय लिहाल

कमीत कमी चार गोष्टी: खालची आणि वरची लिमिट आकड्यांत, ती का निवडली (नॉइज, उपकरण, की शेपटीचा अंदाज), पायरी किती, आणि खिडकी कोणती किंवा कोणतीच नाही. त्याखाली एक वाक्य: लिमिट इतकी बदलली तेव्हा अमुक शिखर इतकं हललं. हे एक वाक्य ज्या थिसिसमध्ये असतं तिथे व्हायवाला या विषयावर प्रश्न येत नाही, आणि आला तर उत्तर तयार असतं.

करून बघा

कोरा कोड उघडा. १.६२, २.६४ आणि ३.१ अँगस्ट्रॉम अशा तीन अंतरांसाठी साइन क्यूआर च्या तीन लाटा घ्या, पहिलीला सर्वाधिक वजन द्या, प्रत्येकीला कंपनाचा गाउसियन क्षय लावा आणि बेरीज करा. मग ०.०५ च्या पायरीने साइन इंटिग्रल काढा, क्यू-कमाल ७.७, १६.६, २१ आणि ४० घेऊन. चारही आलेख एका कागदावर काढा. मग मधली, म्हणजे २.६४ ची लाट पूर्ण काढून टाका आणि ७.७ चा आलेख पुन्हा बघा. काहीच नसलेल्या जागी काय शिल्लक राहतं ते पेन्सिलीने गोल करून ठेवा. तुमच्या खऱ्या डेटाकडे त्यानंतर वळा.